मिशीच्या पलीकडचा दाली

साल्वादोर दालीचं नाव निघालं, की चित्रांआधी मिशी आठवते. मग १९३६ सालचं लंडन: अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनात तो पाणबुड्याचा पोशाख चढवून भाषणाला उभा राहिला आणि शिरस्त्राणात गुदमरला. पुढे त्याने लॉलीपॉपच्या कंपनीचं बोधचिन्हही काढून दिलं. त्याचा जुना सहकारी आंद्रे ब्रेताँ याने तर त्याला पैशाचा लोभी ठरवलं. तेव्हापासून एक समज रूढ झाला, की दाली हा मुळात जाहिरातबाज आणि चित्रकला ही त्याची बाजूची गोष्ट.

हा समज चित्रं न पाहता करून घेतलेला आहे.

१९३१ सालचं ‘स्मृतीचं सातत्य’ घ्या. आकार अवघा २४ बाय ३३ सेंटिमीटर, जेमतेम फुलस्केप कागदाएवढा. ओघळलेली घड्याळं सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यातलं एक ओघळलेलं नाही. ते नारिंगी आहे, बंद आहे आणि त्याच्यावर मुंग्या चढल्या आहेत, एकेक सुटी मोजता येईल अशी. मागचे कडे म्हणजे कातालोनियातला काप दे क्रेउसचा किनारा, दालीने लहानपणापासून पाहिलेला. स्वप्न पटावं म्हणून त्याने खडक जसेच्या तसे रंगवले. १९४५च्या ‘ब्रेडची टोपली’त तर स्वप्नही नाही, काळोखात, टेबलाच्या कडेला, टोपलीत पावाचा एक तुकडा. असा हात नुसत्या नाटकीपणाने येत नाही.

आता तमाशाचंच बोलू. १९६७ साली त्याने एअर इंडियासाठी ॲशट्रे घडवला आणि मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं; ते त्याला मिळालंही. हा किस्सा सगळे रंगवून सांगतात, ॲशट्रे मात्र कुणी नीट पाहत नाही. त्यातला हंस उलटा केला की हत्तीचं डोकं दिसतं, हत्ती उलटा केला की हंस. एका आकारात दोन प्रतिमा पाहण्याचा हा ध्यास त्याच्या १९३७च्या ‘हत्तींचं प्रतिबिंब पाडणारे हंस’ या चित्रात आधीच आहे. तीस वर्षं तो एकाच प्रश्नाला भिडलेला होता.

त्याचे दोष झाकायचं कारण नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीची त्याने स्तुती केली, ती अक्षम्यच. उतारवयात कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि बनावट मुद्राचित्रांचा बाजार फोफावला. त्याचा तोटा त्याच्याच कलेला झाला. या गोष्टींसाठी दालीला जरूर दोषी धरावं. पण त्याला विदूषक म्हणण्याआधी ते हंसांचं चित्र आणि तो ॲशट्रे शेजारी ठेवून एकदा बघावं.