मनोरे आले, आवाज आला नाही

दूरदर्शनने २०२१-२२ मध्ये देशातील बहुतेक भूप्रक्षेपण केंद्रे बंद केली. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावात त्याचे सोयरसुतक कोणाला असणार? छपरांवरील अँटेना केव्हाच उतरल्या, तबकड्या आल्या. पण खरे दुखणे निराळेच आहे.

१९८४ मध्ये दिवसाला एक अशा धडाक्याने लघुशक्ती केंद्रे उभी राहिली. शंभर वॅटचा प्रक्षेपक, वीस-पंचवीस किलोमीटरचा टापू. आणि काम एकच, दिल्ली-मुंबईचे कार्यक्रम पुढे पाठविणे! त्या टापूतील कोरडवाहू शेतकऱ्याला तेथून आपले गाऱ्हाणे मांडण्याची सोय नव्हती.

ते अशक्य होते काय? गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ पासून एक किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून ग्रामस्थांचेच प्रश्न त्यांच्याच भाषेत मांडले गेले. युनेस्कोने त्या प्रयोगाचा गौरव केला. दिल्लीने मात्र तो मराठवाड्यापर्यंत येऊ दिला नाही.