तेय्यम पाहावे ते कावूतच

गोमंतकातील भाविक दक्षिणेच्या यात्रेला निघाला की मूकांबिका, गुरुवायूर, फार तर शबरीमला एवढ्यावर समाधान मानतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णत्वास गेल्यापासून उत्तर मलबारची वाट मात्र बरीच सुलभ झाली आहे. त्या वाटेने जाऊन आम्ही कण्णूरकडील तेय्यम पाहून आलो.

ऑक्टोबरअखेरपासून मे महिन्यापर्यंत कण्णूर आणि कासरगोड भागातील 'कावू' म्हणजे देवराया आणि जुन्या घराण्यांची अंगणे रात्र रात्र जागत असतात. तेय्यमचा अधिकार वण्णान, मलयन, वेलन अशा समाजांकडे आहे. एकेकाळी मोठ्या देवळांची दारे ज्यांना बंद होती, तेच हे समाज. व्रतस्थ माणूस जमिनीवर उताणा पडतो आणि सोबती तासन्‌तास त्याच्या मुखावर रंगरेषा काढीत बसतात. माडाच्या कोवळ्या पात्यांची वस्त्रे चढतात. अखेरीस मस्तकावर 'मुडी' बांधली की त्याच्या हाती एक लहानसा आरसा देतात. त्या आरशात तो स्वतःला पाहत नाही, देवाला पाहतो. मग चेंड्यांचा गजर उसळतो आणि कालपर्यंत त्याला अंगणाबाहेर उभे करणारे घराणे हात जोडून त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालते.

पोट्टन तेय्यम तर शंकराचार्यांची वाट अडविणाऱ्या चांडाळाचे. तुमच्या आमच्या रक्ताचा रंग निराळा आहे काय, असा त्याचा सवाल असतो. तो करणारा निखाऱ्यांच्या राशीवर जाऊन पडतो.

आम्ही उभे होतो तेथे आमच्याच प्रांतातील एक गृहस्थ हातातील मोबाइल उंचावून, देव पुन्हा एकदा इकडे वळेल काय, अशी चौकशी करीत होते! त्यांना हसण्याचा अधिकार आम्हां गोमंतकीयांना नाही. मांडावरचा शिगमा आपण चित्ररथांच्या मिरवणुकीत आणून बसविला आहे.

तेय्यम रंगमंचावर आणले तर कलावंतांना मोसमाबाहेरही चार पैसे मिळतील, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. वर्षाचे उरलेले महिने यांतील कित्येकांना मोलमजुरी करावी लागते. परंतु रंगमंचापुढे गाऱ्हाणे घालणारा कोणी नसतो. तेथे हा माणूस रंगविलेला नट ठरतो. ज्याच्यापुढे जमीनदार वाकतो तो कावूतला देव राहत नाही. त्याला मिळालेली ती एकच जागा काढून घेऊन वर बिदागी देणे, हा सौदा आम्हांस महाग वाटतो. पैसा द्यायचाच असेल तर तो कावूत द्यावा, तेय्यमच्या हातून हळदीचा प्रसाद घेताना.

मोसम मेअखेरीस संपतो. जाणाऱ्यांनी त्याआधी जावे, रात्रभर उभे राहण्याची तयारी ठेवावी आणि आरसा हाती दिला जाईल तेव्हा तरी मोबाइल खिशात असू द्यावा.