अस्सल शालू, नकली सॉफ्टवेअर

लग्नघरात शालूची घडी उलगडली की एखादी आत्या किंवा मावशी पदर उलटा करून पाहतेच. मागचे धागे न्याहाळते, जरीवरून बोट फिरवते आणि विचारते, "अस्सल बनारसी आहे ना?" वाराणसीच्या कुंजगलीतल्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलांनी तिथल्या विणकरांच्या पोटावर पाय आणला, तेव्हापासून अस्सल-नकली हा त्या गल्लीचा दुखरा विषय आहे. २००९ साली बनारसी साडी आणि ब्रोकेडला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. वाराणसीसह सहा जिल्ह्यांबाहेर विणलेल्या साडीवर आता ते नाव लावता येत नाही.

एवढे झाल्यावर गद्दीमागच्या खोलीतही एकदा डोकावून पाहावे.

पूर्वी नक्शाबंद कारागीर दोऱ्यांत नक्षी बांधून देत. पुढे जॅकार्ड माग आला आणि पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडून नक्षी मागाला सांगितली जाऊ लागली. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास सिद्ध झालेल्या या मागाची भोकांची युक्ती पुढे संगणकाच्या पूर्वजांनीही उचलली. म्हणजे साडीच्या घरात संगणक आला तो पाहुणा म्हणून नव्हे, जुना नातेवाईक म्हणूनच! आज नक्षी पडद्यावर काढता येते, रंग क्षणात बदलता येतात आणि नमुना इंटरनेटवरून पुण्याच्या गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

समजा, अशा एका गद्दीवर चार संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. नक्षीचे सॉफ्टवेअर एकाच संगणकापुरते विकत घेतले आहे. जोडणी करायला आलेला पोरगा म्हणतो, "बाकी तिन्हींवर पण टाकून देतो, कोणाला कळतंय?" नकली साडीच्या नावाने दिवसभर बोटे मोडणारे शेठजी मान डोलावतात. त्यांच्या नक्षीची चोरी ती चोरी, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची मात्र काटकसर!

खरे तर सॉफ्टवेअर विकत घेताना आपण फक्त वापरण्याची परवानगी घेत असतो. ती कधी एका यंत्रापुरती असते, कधी माणसागणिक, तर कधी वर्षाच्या वर्गणीवर. नव्या संगणकाबरोबर आलेली परवानगी बहुधा त्याच यंत्राला बांधलेली असते. यंत्र मोडीत गेले की तीही गेली. म्हणून बिल फाडण्यापूर्वी विचारावे की ही परवानगी किती यंत्रांसाठी, किती काळासाठी आहे. नुकसान झाले तर हाताशी असावी म्हणून राखीव प्रत ठेवायला कायद्याची हरकत नाही. पण जाणूनबुजून नकली प्रत वापरणे हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३बमध्ये त्यासाठी किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी वापर नसेल तरच न्यायालय कैद माफ करू शकते. गद्दीवाल्याला ती सवलत कशी मिळणार?

कायद्याची भीती नसली तरी दुसरी आहेच. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतल्या संगणकांना कुलूप घातले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच काढली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. नकली प्रत वापरणारे पकडले जाण्याच्या धास्तीने अशा दुरुस्त्या घेतच नाहीत. त्यात हा विषाणू एका संगणकातून जोडलेल्या सगळ्यांत पसरणारा. तीन पिढ्यांच्या नक्ष्या एकाच जागी साठवलेल्या असतील, तर एका सकाळी त्या सगळ्यांवर पाणी!

पैसे कमी असतील तरी नकलेवाचून अडत नाही. पत्रे-हिशेबासाठी लिब्रेऑफिस आणि रेखाटनासाठी इंकस्केप फुकट मिळतात, आणि कितीही यंत्रांवर टाकले तरी ते कायदेशीरच. विणकामाचे खास सॉफ्टवेअर मात्र विकतच घ्यावे लागेल. तिथे चारांऐवजी दोन संगणकांवर भागवावे. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचे तर वेगळे द्यावे, हिशेबाच्या संगणकाशी त्याचा संबंध नको. आणि नक्ष्यांची एक प्रत सुट्या डिस्कवर उतरवून, तार काढून, कपाटात शालूशेजारी ठेवावी.