ड्रोन बोलावण्याआधी नकाशा बघा

होटगी रस्त्याकडच्या एका शेतकऱ्याची तूर फुलोऱ्यात होती. घाटेअळी दिसली. डोक्याएवढ्या तुरीत पंप घेऊन शिरायला गडी मिळेना, म्हणून त्याने ड्रोनवाल्याला सांगावा धाडला. औषध कालवून झालं, आणि ऐनवेळी ड्रोनवाला म्हणाला, "इथं उडवता येत नाही, विमानतळ जवळ आहे." कालवलेलं औषध वाया गेलं आणि अळीला चार दिवस मोकळं रान मिळालं.

हे आता वरचेवर होणार. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली (त्या वादात मी पडत नाही), आणि ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं, पुढे मुंबईचंही. त्यामुळे ड्रोन नियम २०२१ मधली अंतरं आपल्या बांधावर येऊन ठेपली आहेत.

विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र. तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ५ ते ८ किलोमीटर पिवळं, तेही जमिनीपासूनच. तिथं विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं, म्हणजे फवारणीला अडचण नाही. त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. आपला गट कुठे येतो ते डिजिटल स्कायच्या नकाशावर मोबाईलवरही दिसतं. बांधावर बसून अंतराचा अंदाज करू नका.

तुम्ही म्हणाल, आमचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरवरून जातो, तो विमानाला कसला आडवा येतो? शंका रास्त आहे. पण रिमोटचा संपर्क तुटला की बरीच यंत्रं आपोआप उंची घेऊन माघारी फिरतात. त्या वेळी वर काय आहे, हे आपल्याला बांधावरून कळत नाही.

परवानगी काढणं हे ड्रोनवाल्याचं काम, पण पीक तुमचं. तेव्हा इसार देण्याआधीच त्याच्याकडे यंत्राचा नोंदणी क्रमांक, रिमोट पायलट प्रमाणपत्र, विमा आणि क्षेत्राची परवानगी मागा. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. सरपंच-ग्रामसेवकांनी तसा कागद देऊ नये. शिवाय बंदोबस्तासाठी पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्यावरचे अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत लाल ठरवू शकतात, म्हणून आदल्या दिवशी नकाशा पुन्हा बघा.

आता दुसरी बाजू. पिवळ्या पट्ट्यातल्या एकेका शेतकऱ्यासाठी ड्रोनवाल्याने वेगळा अर्ज करावा, ही पद्धत माझ्या मते चालणार नाही. अळी कागदाची वाट बघत नाही. सोलापुरात दिवसाला मोजकीच विमानं येतात. त्या वेळा सोडून सकाळच्या फवारणीसाठी गावनिहाय वेळ ठरवून द्यावी, यासाठी कृषी विभाग आणि विमानतळ प्रशासनाने एकत्र बसायला हवं. त्यासाठी आपली मागणी नेमकी पाहिजे. कुमठे, होटगी परिसरातल्या गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गट क्रमांक, पीक आणि फवारणीचे आठवडे अशी यादी करून मंडळ कृषी अधिकारी कार्यालयात आणून द्या, तूर फुलोऱ्यात येण्याआधी.