सुशिक्षितांचे ऋण

घरातील पदवीधर मुलगा अगर मुलगी जेव्हा सांगते की आपणांस मोठ्या कंपनीत किंवा परदेशी न जाता हवामान, सौरऊर्जा आणि गोरगरिबांचे हक्क यांविषयी काम करणाऱ्या संस्थेत जावयाचे आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मुखातून प्रथम हाच प्रश्न निघतो की, "हा व्यवसाय तरी कसला?" हा प्रश्न अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वकील काय करतो, वैद्य काय करतो, हे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या नव्या वर्गाचे काम मात्र डोळ्यांस दिसत नाही. म्हणून आपल्या वऱ्हाडातील भातकुली तालुक्याचेच उदाहरण घेऊन ते समजून घेण्याचे आम्ही या महिन्यात योजिले आहे.

भातकुली अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर. परंतु भूमीचा स्वभाव अगदी निराळा. पूर्णा नदीच्या दोहो तीरांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात हा तालुका मोडतो. या पट्ट्यात नऊशेच्या आसपास गावे आहेत. विहीर खणावी तर पाणी खारे लागते. तेच पाणी पिकास दिले तर त्यातील क्षारांमुळे काळ्या मातीचे कण विखुरतात, तिची छिद्रे बुजतात, आणि पुढे पावसाचे गोडे पाणीही आत मुरेनासे होते. त्यामुळे येथला शेतकरी पावसाच्या भरवशावर कपाशी, तूर, मूग काढतो आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरतो. ज्याचे सर्वस्व पावसावर, त्यास पावसाची चाल बदलल्याचा घाव सर्वांआधी बसतो. धूर सोडला इतरांनी आणि पीक बुडाले याचे! हवामानाचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न कसा होतो, हे याहून अधिक स्पष्ट करून सांगावयास नको.

आता विजेचे पाहू. महाराष्ट्रात शेतीपंपांस वीज पाळीपाळीने मिळत आली, आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने विंचूकाट्याच्या भयात, थंडीने कुडकुडत, पाण्याचे बारे द्यावयाचे, ही जणू रीतच होऊन बसली. शासनाने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. तिची युक्ती साधी आहे. शेतीची वीजवाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी करावयाची, उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारावयाचा, आणि सूर्य आकाशात असतानाच पंपांस वीज द्यावयाची. आरंभीच्या प्रयोगासाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली होती. असल्या योजनेमागे वाहिनीचा भार मोजणारे, दर युनिटचा खर्च काढणारे आणि नियामक आयोगापुढे बाजू मांडणारे लोक लागतात. हाच तो व्यवसाय.

या व्यवसायाचा आदर्श पाहावयाचा असेल तर गिरीश संत यांचे नाव आम्ही घेऊ. मुंबईच्या आयआयटीतून ऊर्जाशास्त्र शिकलेल्या या गृहस्थाने सहकाऱ्यांसह पुण्यास 'प्रयास' संस्थेचे काम उभे केले. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार वीजमंडळास, म्हणजे अखेर तुम्हांआम्हांस, किती महाग पडेल, हे या मंडळींनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आकडे मांडून दाखविले. 2001 साली मंडळाने ती वीज घेणे बंद केले, तेव्हा त्या आकड्यांची किंमत सर्वांस कळली. संत 2012 साली अकाली निवर्तले. शेतीस दिवसा सौरवीज देण्याचा आग्रहही पुढे याच संस्थेच्या अभ्यासकांनी धरला. घोषणा सोपी असते, जमाखर्च कठीण.

तथापि भातकुलीसारख्या ठिकाणी या अभ्यासकांची खरी कसोटी आहे. विहीर खारी असेल तर दिवसा मिळालेल्या विजेचा उपयोग काय? उलट स्वस्त विजेवर खारे पाणी अधिक उपसले तर शेतच नासावयाचे. म्हणून येथे आधी पावसाचे पाणी राखणे आले: शेततळे आले, रुंद वरंबा-सरीवरील पेरणी आली, तुषारसिंचन आले. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावे मुद्दाम घेतली गेली, ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट जमिनीची. सौरप्रकल्पास जागा लागते, आणि कागदोपत्री मोकळी दिसणारी जागा म्हणजे बहुधा गावची ई-क्लास जमीन. खाजगी जमिनीच्या मालकास या योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले आहे. परंतु ई-क्लासवर ज्याच्या दोन शेळ्या चरतात, त्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसल्यामुळे त्याच्या हाती भाड्याची कवडीही येत नाही. सूर्य सर्वांवर सारखा तळपतो. त्याचे उत्पन्न मात्र सारखे वाटले जात नाही. ते न्यायाने वाटले जावे म्हणून ग्रामसभेत बसून त्या शेळीवाल्याचे म्हणणे लिहून घेणारा सुशिक्षित मनुष्य हवा. केवळ यंत्रशास्त्राने हे काम होत नाही.

याच भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून 1908 च्या सुमारास गाडगेबाबांनी तेथे घाट बांधवून घेतला. त्यांच्यापाशी पदवी नव्हती; लोकांची अडचण पाहण्याची दृष्टी मात्र होती. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण मानतो. ज्या गावच्या शेतीवर आपल्या पूर्वजांनी विद्या मिळविली आणि जे गाव सोडून आपली घरे पुण्यामुंबईस गेली, त्या गावाचे ऋण मात्र कोणत्याच वहीत मांडलेले नाही.

तेव्हा मुलाने अगर मुलीने असा विचार बोलून दाखविला तर वडिलांनी कपाळास आठी घालू नये. त्यांनी तीनच गोष्टी विचाराव्यात: तुला हिशेब नीट येतो काय? ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्या गावी तू राहून पाहिले आहेस काय? आणि आपले चुकले असे आकड्यांवरून दिसल्यास तू आपले मत बदलशील काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तर वेतन थोडे असले तरी घराने पाठीशी उभे राहावे. एकत्र कुटुंबाचा आधार असतो, तो अशाच वेळी कामी यावयाचा.