ताशा वाजो, कान शाबूत राहोत

१९९१ सालच्या ‘द कमिटमेंट्स’ या विनोदी चित्रपटात डब्लिनमधील कष्टकरी तरुण सोल संगीताचा वाद्यवृंद उभारतात. रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बँजो’मध्ये मुंबईच्या वस्तीतील मुले बँजो वाजवून नाव कमावू पाहतात.

विसर्जनानंतर वेल्ह्यातील अशाच एका बँजो पार्टीचा ताशेवाला दवाखान्यात आला. “डॉक्टर, दोन दिवस झाले, कानात शिट्टी वाजतीय.” ताशा सोडशील का, असे विचारताच तो म्हणाला, “घरात मला कोण विचारत नाही. तिथं माझ्यावाचून मिरवणूक हलत नाही.”

हे औषध मी कसे काढून घ्यावे? मात्र वाचकहो, ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसणारा कान १०० डेसिबलला १५ मिनिटांतच धोक्यात येतो; आणि अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून कापसाचे बोळे नव्हेत, फोमचे इअरप्लग वापरावेत; ध्वनिवर्धकापासून दूर उभे राहावे; अधूनमधून शांत जागी विसावावे. कानातील आवाज दुसऱ्या दिवशीही राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी.

त्याला तज्ज्ञांकडे पाठविले. घरच्यांनाही निरोप धाडला : पुढच्या मिरवणुकीत त्याचा ताशा ऐकायला जा.