छोट्या ट्रॅक्टरला सबसॉयलर?

शिर्डी-राहात्याकडे पेरूच्या ओळींतून फिरायला छोटा ट्रॅक्टर सोयीचा. त्याला सबसॉयलरही घ्यावा, असे तरुण शेतकरी म्हणतात. माझे मत जरा निराळे आहे.

पाटपाणी, ऊस आणि भरलेल्या ट्रॉल्यांमुळे काळ्या रानात नांगराच्या तासाखाली घट्ट थर बसतो. पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. सबसॉयलर माती न उलटता तो थर फोडतो. पण दीड फूट खोल दात ओढणे २०-२५ अश्वशक्तीचे काम नव्हे. चाके जागीच फिरतात.

आधी पहार खुपसून थर आहे का, ते पाहा. असेल तर पीक निघाल्यावर, वैशाखात, रान वाळलेले असताना मोठा ट्रॅक्टर भाड्याने लावा. ओल्या रानात थर फुटत नाही, नुसती चीर पडते. उभ्या बागेत मुळे तुटतात, म्हणून हे काम लागवडीआधीच करावे.

दोन-तीन वर्षांतून एकदा लागणाऱ्या दातासाठी कर्ज कशाला?